"आजच राजीनामा लिहून द्या" म्हणतात. काय करू?

इंद्रायणीकाठ
१९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हात अजून थरथरतायत, लिहिण्यात मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मेकॅनिकल डिप्लोमा. आधी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काढली, मग १२ जुलै २०२१ ला इथे लागले. पदनाम सीनियर इंजिनियर, पण दिवस जातो गेज आणि व्हर्नियर हातात धरूनच. कस्टमर कंप्लेंट आली की रात्री दोनला सॉर्टिंगला, म्हणजे खराब भाग निवडून बाजूला काढायला, उभी राहिलेली आहे मी.

आज दुपारी साडेतीनला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. प्लांट एचआर, हेड ऑफिसचे एक साहेब आणि माझे मॅनेजर. एका मॉडेलची ऑर्डर बंद झाली, लाइन बंद होतेय, माझं पद राहत नाही, असं सांगितलं. समोर एक टाइप केलेला कागद होता: "वैयक्तिक कारणास्तव मी स्वखुशीने तात्काळ राजीनामा देत आहे." त्यात माझं आडनावसुद्धा चुकलेलं. शेजारी टोपण काढून ठेवलेलं पेन. आज सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि रिलीव्हिंग लेटर. नाही केली तर टर्मिनेशन, "मग पुढे कुठे दारात उभं करणार नाहीत". मॅनेजर सगळा वेळ टेबलाकडे बघत होते.

मी म्हटलं, आईशी बोलून सांगते. गुरुवारी सकाळी अकरापर्यंत वेळ दिलाय. कागदाची प्रत मागितली, दिली नाही.

घरी आई आणि मी. मोशीच्या फ्लॅटचा हप्ता १७,५००. आईच्या संधिवाताचे उपचार कंपनीच्या मेडिक्लेमवर चालू आहेत. बेसिक आणि डीए मिळून २६,०००. सही करू का? न केली तर खरंच करिअर संपतं का?

जुना_टर्नर
१९ मे, रात्री १०:०५

पोरी, पहिली गोष्ट, तिथे सही केली नाहीस हे फार चांगलं केलंस. मी पिंपरीत ३१ वर्षं लेथवर काढली, त्यातली बारा युनियनच्या कमिटीवर. कागद समोर सरकवला की माणसाला वाटतं आता इलाज नाही. इलाज असतो म्हणूनच तर ते कागद पुढे करतात. नुसतं काढून टाकणं त्यांना सोपं असतं तर तुझी सही कशाला मागितली असती?

राजीनामा म्हणजे तू सोडलंस. पद राहिलं नाही म्हणून कंपनीने कमी केलं तर ती छाटणी. छाटणीत कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, वर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई मिळते. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुझी पाच वर्षं. २६,००० वर बघितलं तर वर्षाला तेरा हजार, एकूण साधारण ६५ हजार. स्वखुशीने लिहून दिलंस की हे खातं बंद.

एचआर म्हणेल, तू इंजिनियर, तू कामगारात बसत नाहीस. ते ऐकून गप्प बसू नकोस. पदनाम काय छापलंय ते बघत नाहीत, प्रत्यक्ष काम काय करतेस ते बघतात. कायद्यात तांत्रिक काम करणारेही येतात. ज्यांचं काम मुख्यतः दुसऱ्यांवर देखरेख करण्याचं आणि पगार १८,००० च्या वर, ते बाहेर. तुझ्या हाताखाली माणसं किती? रजा कोणाच्या मंजूर करतेस? कोणाच्याच नसतील तर तुझी बाजू लंगडी नाही.

रातराणी
१९ मे, रात्री १०:२०

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. माझ्या नवऱ्याने असंच नाही म्हटलं होतं. त्याला टर्मिनेट केलं, मग कामगार न्यायालय. तीन वर्षं झाली, तारखा चालू आहेत. चाकण, तळेगाव, रांजणगाव, सगळीकडे एचआर एकमेकांना ओळखतात. घरात हप्ता आणि आजारी आई असताना दोन महिन्यांचे पैसे आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर ही लहान गोष्ट नाही. भांडायचा हक्क आहे, पण भांडण परवडलं पाहिजे.

जुना_टर्नर
१९ मे, रात्री १०:३२

रातराणीताई, तुमच्या घरी जे झालं ते सोसणं सोपं नाही, आणि तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पण कोर्ट आणि सही यांच्या मध्ये बरीच जागा असते. पोरीने ती वापरावी इतकंच म्हणतोय.

शालन_कुलकर्णीवाडी
१९ मे, रात्री ११:१५

मी बावीस वर्षं एचआरमध्ये आहे, त्यातली पंधरा कारखान्यांत. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर मी बसलेले आहे, म्हणून ही चर्चा वाचून झोपावंसं वाटेना.

अगं, तुझ्या सगळ्या पोस्टमध्ये सर्वांत महत्त्वाची गोष्ट तू सहज लिहून गेलीस: १२ जुलै २०२१. आज १९ मे. तुझी पाच वर्षं ११ जुलैला पूर्ण होतात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, पाच वर्षं सलग नोकरी लागते. मृत्यू, अपंगत्व आणि ठरावीक मुदतीची नेमणूक सोडली तर त्याला सूट नाही. हिशोब असा: शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुझे २६,००० असल्याने वर्षाला बरोबर १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. "तात्काळ" या एका शब्दाने ते जातात.

चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की पाच वर्षं धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल आहे. तुझे २४० भरलेही असतील. पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत आणि त्यासाठी तुला अर्ज-सुनावणी करावी लागेल. त्यापेक्षा तारीखच पुढे घे.

आता तुझं नेमणूकपत्र काढ आणि नोटीस किती दिवसांची आहे ते इथे लिही. दोन महिन्यांचा पगार देतायत त्याअर्थी ६० दिवस असावेत. तसं असेल तर २१ तारखेला त्यांना शांतपणे सांग: राजीनामा माझा असेल तर शेवटचा दिवसही माझ्या नेमणूकपत्राप्रमाणे. १९ मेपासून ६० दिवस म्हणजे १८ जुलै. पाच वर्षं ओलांडून सात दिवस वर. घरी बसवा, काम काढून घ्या, लॅपटॉप घ्या, चालेल. फक्त हजेरीपटावर १८ जुलैपर्यंत नाव राहू द्या. दोन महिन्यांचे पैसे ते तसेही देतायत. एकरकमी देण्याऐवजी दोन पगार करून द्यायचे, एवढाच फरक. प्लांट एचआरला हेड ऑफिसकडे हे पटवून देणं जड नाही.

आणि आत्ता, झोपायच्या आधी, एक मेल पाठव. भांडखोर शब्द नकोत. असं काहीतरी:

"आज दुपारी ३:३० च्या बैठकीत माझं पद बंद होत असल्याचं सांगून मला तात्काळ राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. मी विचार करण्यासाठी गुरुवारपर्यंत वेळ मागितला, तो आपण दिलात. मसुद्याची प्रत आणि देय रकमांचा तपशील मिळाल्यास निर्णय घेणं सोपं जाईल."

एवढंच. स्वतःच्या खासगी मेलवर प्रत टाक. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, इन्क्रिमेंटची पत्रं पण आजच उतरवून घे, उद्या लॉगिन चालेलच असं नाही. पण कंपनीची ड्रॉइंग्ज, कंट्रोल प्लॅन, कस्टमरची कागदं यातलं काहीही घेऊ नकोस. चांगल्या माणसांना त्याच कारणावरून अडकवलेलं मी पाहिलंय.

इंद्रायणीकाठ
१९ मे, रात्री ११:५०

शालनताई, नेमणूकपत्र काढलं. "दोन्ही बाजूंनी ६० दिवसांची लेखी नोटीस किंवा त्याबदल्यात वेतन." मेल पाठवला. ग्रॅच्युइटीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, आधी जेव.

हाताखाली कोणी नाही, काका. दोन अप्रेंटिस मुलं आहेत, पण त्यांच्या रजा मॅनेजरच बघतात.

मधली_फळी
२० मे, सकाळी ७:१०

मी त्या मॅनेजरच्या खुर्चीत बसलेलो आहे. टेबलाकडे बघत बसणारा माणूस मीच होतो, २०२० मध्ये.

तेव्हा माझ्या हातात चार नावांची यादी दिली. यादी मी केली नव्हती. मी स्वतःला समजावलं की एचआर बोलेल, आपण फक्त हजर राहायचं. त्यातल्या एकाने मला नंतर पार्किंगमध्ये गाठलं आणि एवढंच विचारलं, "सर, माझ्या कामात काही चुकलं होतं का?" त्याचं काम उत्तम होतं. हे मी त्या खोलीत, सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं. ते न म्हटल्याचं अजून लागतं.

इथे कोणी मॅनेजर वाचत असतील तर त्यांना सांगतो. निर्णय तुमचा नसेल, पण त्या दिवशी काय बोलायचं ते तुमच्या हातात असतं. त्या माणसाला आधी एकट्याला भेटा, पाच मिनिटं का होईना. शिफ्ट सुटताना नको, सकाळी, म्हणजे त्याला दिवसभरात कोणाशी बोलता येईल. कारण खरं सांगा. लाइन बंद होतेय तर लाइन बंद होतेय म्हणा, कामात खोट काढू नका. विचार करायला वेळ द्या, त्याने कंपनी बुडत नाही. आणि नंतर फोन उचला. मी त्या चौघांपैकी तिघांसाठी आमच्या व्हेंडरांकडे शब्द टाकला, दोघांचं काम झालं. ते आधी सुचलं असतं तर चौथ्याचंही झालं असतं, असं वाटत राहतं.

इंद्रायणीकाठ, तुमचे मॅनेजर मान खाली घालून बसले होते याचा अर्थ त्यांना ते पटलेलं नाही. आज त्यांना एकट्यांना गाठा आणि दोनच गोष्टी मागा. १८ जुलैच्या तारखेला त्यांनी हेड ऑफिससमोर दुजोरा द्यावा, आणि स्वतःच्या नावाने शिफारसपत्र द्यावं. मागितल्याशिवाय आम्ही देत नाही, हा आमचा दोष आहे.

नेकारकाठ
२० मे, दुपारी १:४५

श्टुटगार्टजवळ राहते, मीही गाड्यांच्याच धंद्यात. इथेही सध्या असे कागद पुढे येतायत. "परस्पर संमतीने करार संपवू" असं त्याचं गोड नाव. इथले सहकारी पहिल्या दिवशी एकच शिकवतात: त्या खोलीत सही नाही, आधी कामगार परिषदेकडे, म्हणजे कंपनीतल्या लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे जा. कारण तो करार स्वतः सही करून संपवला तर बेकारी भत्ता साधारण १२ आठवडे अडवला जाऊ शकतो. आणि कंपनीने काढलं तर कामगार न्यायालयात जायला फक्त तीन आठवडे मिळतात. देश वेगळा, कायदे वेगळे, पण टोपण काढून ठेवलेलं पेन वाचलं आणि मागच्या वर्षीची मैत्रीण आठवली. तुझ्यासाठी मनापासून प्रार्थना.

कोरी_वही
२० मे, दुपारी २:३०

मध्ये विचारतोय, माफ करा. मी रांजणगावात फिक्स्ड टर्मवर १४ महिने होतो, गेल्या महिन्यात मुदत संपली. मला ग्रॅच्युइटी वगैरे काही नसणार ना?

शालन_कुलकर्णीवाडी
२० मे, दुपारी ३:०५

असणार! चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला पाच वर्षांची अट नाही, एक वर्ष भरलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. लेखी अर्ज कर आणि पोच घे. मात्र नेमणूकपत्रावर कोणाचं नाव आहे ते आधी बघ. ठेकेदाराचं असेल तर मागणी त्याच्याकडे करायची. आणि तू अप्रेंटिस म्हणून असशील तर हे लागू नाही, ती नोकरी धरत नाहीत.

सगळ्यांसाठी अजून एक: वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो वा कमी केलेलं असो, शेवटचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी" हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, ते आता चालत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र ३० दिवस आहेत, त्यापुढे व्याज.

रातराणी
२० मे, संध्याकाळी ६:२०

१८ जुलैचा मार्ग मला पटला. माझ्या नवऱ्याला त्या वेळी असं कोणी सांगितलं नाही. आम्हाला दोनच दारं दिसली होती.

आईच्या मेडिक्लेमचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते. कंपनीची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळात (जुन्या आजाराचा खर्च मिळायच्या आधी थांबावं लागतं तो काळ) धरली जातात. पण अर्ज नाव पटावर असतानाच करायचा. आम्ही नंतर गेलो आणि सासूबाईंचा मधुमेह नव्याने तीन वर्षं बाहेर ठेवला त्यांनी. तारीख पुढे गेली तर तुला यासाठीही दोन महिने मिळतात. उद्या एचआरकडून पॉलिसी नंबर आणि विमा कंपनीचा पत्ता घेऊनच ऊठ.

इंद्रायणीकाठ
२१ मे, दुपारी ४:१५

आत्ता बसमध्ये आहे. सांगते.

काल मॅनेजरना चहाच्या टपरीवर भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मला कालच बोलायला हवं होतं." शिफारसपत्र आजच हातात दिलं, दोन पानी, त्यात त्या रात्रीच्या सॉर्टिंगचा उल्लेखसुद्धा आहे.

आज अकराला तीच खोली. त्यांनी तोच कागद पुढे केला, आडनाव दुरुस्त केलेलं. मी माझा छापून नेलेला कागद ठेवला: नेमणूकपत्राप्रमाणे ६० दिवसांची नोटीस, १९ मेपासून, शेवटचा दिवस १८ जुलै. "वैयक्तिक कारणास्तव" काढलं आणि "१९ मे रोजी व्यवस्थापनाने केलेल्या सूचनेनुसार" असं लिहिलं. हेड ऑफिसचे साहेब म्हणाले, असं चालत नाही, आज सही नाही तर ऑफर रद्द. माझा आवाज फुटत नव्हता. तरी म्हटलं, "सर, स्वखुशीने म्हणताय, तर माझी खुशी ही आहे. नाहीतर छाटणीचं पत्र द्या, तेही मी घेईन."

पाऊण तास बाहेर बसवलं. मग एचआरनी आत बोलावलं. "सूचनेनुसार"च्या जागी "चर्चेनुसार" करा म्हणाले, तारीख मान्य. शालनताई, मी तेवढं सोडलं. बरोबर केलं का? छाटणीची भरपाई गेली हे कळतंय मला. पण आईचा विमा आणि ग्रॅच्युइटी दोन्ही पदरात पडतायत, आणि माझ्यात कोर्टाची ताकद नाही.

शालन_कुलकर्णीवाडी
२१ मे, संध्याकाळी ५:००

बरोबर केलंस. "वैयक्तिक" गेलं, "चर्चेनुसार" आलं आणि तुझा १९ तारखेचा मेल आहेच. काय सोडतेय हे माहीत असून तू सोडलंस. आता स्वीकृतीचं पत्र हातात घे, त्यात १८ जुलै ही तारीख अंकी आणि अक्षरी असू दे.

जुना_टर्नर
२१ मे, संध्याकाळी ५:४०

मी असतो तर छाटणीचं पत्रच घेतलं असतं. पण तुझ्या जागी मी नाही, आणि जे बोललीस ते ऐकायला मला त्या खोलीत असायला आवडलं असतं. शाब्बास पोरी.

कोरी_वही
२ जून, रात्री ८:१०

ताई, इंटरव्ह्यूत नोकरी का सोडली विचारतात तेव्हा काय सांगता? मी दोन ठिकाणी अडखळलो. मित्र म्हणतो, अजून तिथेच आहे असं सांग.

मधली_फळी
२ जून, रात्री ९:००

ते मात्र करू नका. पडताळणीत पीएफची नोंद बघतात, यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत ते सगळं येतं. तारीख खोटी निघाली की हातात आलेलं ऑफर लेटरसुद्धा जातं. मी स्वतः एका हुशार मुलाचं असं मागे घेतलेलं आहे, फार वाईट वाटलं होतं. "मुदतीची नेमणूक होती, मुदत संपली" हे एका वाक्यात, नजर न चुकवता सांगा आणि लगेच कामावर या: कुठलं मशीन चालवलं, रिजेक्शन किती होतं, कशाने कमी झालं. मुलाखत घेणाऱ्याला खरं तर त्यातच रस असतो. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा कोणीही असो, त्याला एक रुपया देऊ नका.

इंद्रायणीकाठ
२३ जुलै, रात्री ९:२५

१८ जुलैला शनिवार होता. गेटवर आयकार्ड जमा केलं, सिक्युरिटीच्या मामांनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, १:१०. "मॅडम, उद्यापासून गाडीची डिकी कोण उघडून दाखवणार?" म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.

२१ तारखेला पगार जमा झाला. त्यात शिल्लक रजेचे अकरा दिवस कमी धरले होते, रजेच्या नोंदीचा फोटो लावून मेल केला, आज दुरुस्त करून उरलेले पैसे आले. ग्रॅच्युइटीचा अर्ज देऊन पोच घेतली आहे. आईची पॉलिसी झाली, हप्ता जास्त आहे, पण संधिवाताला नव्याने प्रतीक्षा नाही. पीएफ काढलेला नाही, नवीन ठिकाणी ट्रान्स्फर करणार. नवीन ठिकाण अजून नाही. तळेगावला दुसरी फेरी झाली, सोमवारी कळेल. सोडण्याचं कारण विचारलं तेव्हा लाइन बंद झाली म्हणून सांगितलं आणि मॅनेजरांचं पत्र पुढे ठेवलं.

आज आमच्या अप्रेंटिस मुलांपैकी एकाचा फोन आला होता. त्याच्या मोठ्या भावाला दुसऱ्या एका कंपनीत असाच कागद दिलाय, उद्या सकाळी दहापर्यंत सही हवीय. मी त्याला म्हटलं, आधी दादाच्या नेमणूकपत्राचा फोटो पाठव. तो आत्ताच आलाय. रुजू तारीख ४ ऑगस्ट २०२१, नोटीस ३० दिवस. शालनताई, जाग्या असाल तर बघता का?

शालन_कुलकर्णीवाडी
२३ जुलै, रात्री ९:४०

जागी आहे. ३ ऑगस्टला पाच वर्षं होतात, नोटीस २२ ऑगस्टच्या आसपास संपेल. त्याला म्हणावं उद्या दहाला जाऊ दे, पण पेन स्वतःचं घेऊन जाऊ दे आणि कागदही स्वतःचा. मसुदा मी आत्ता लिहिते, अर्ध्या तासात टाकते.